दुसरं वाक्य

बाबा बोटीवर कामाला गेले तेव्हा आमच्या घरात कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. ते मूळचे नरखेडकडचे. संत्र्यांच्या बागांमधल्या विहिरींवर जी डिझेल इंजिनं असायची, ती दुरुस्त करणं हे त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हात असा होता की लोक मोटरसायकल घेऊन त्यांना घरून न्यायला यायचे. पुढे विहिरी-विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या आणि बाबांचं काम आटत गेलं. मग आम्ही नागपुरात आलो, लकडगंजच्या मागच्या बाजूला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि बाबा एका गॅरेजमध्ये लागले. तिथे एकदा रत्नागिरीकडचा एक बोटमालक ट्रकचं जुनं इंजिन बघायला आला. मासेमारीच्या बोटींवर अशी इंजिनं चालतात, हे बाबांना तेव्हाच कळलं. त्यांनी ते इंजिन त्याच्यासमोर उघडलं, पुन्हा बसवलं आणि चालू करून दाखवलं. इंजिनाबरोबर त्याने बाबांनाही विचारलं. घरी येऊन बाबा आईला म्हणाले, "इंजिन तं इंजिनच असते. विहिरीवर असो का समुद्रावर." आई भाकरी थापत होती. तिने वर न पाहता उत्तर दिलं, "विहिरीवरून संध्याकाळी घरी तं येता येते."

ते गेले ते गेलेच. ऑगस्टपासून मे संपेपर्यंत तिकडे, आणि पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेवढे दोन महिने घरी. येताना सुकटीची आणि बोंबलांची पिशवी आणायचे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंना तो वास चालत नसे, म्हणून आई ती पिशवी मागच्या खिडकीच्या गजाला बाहेरून बांधून ठेवायची आणि त्या देवळात गेल्या की वांग्यात सुकट टाकून भाजी करायची. आमच्या गल्लीत दिवसभर लाकूड चिरणाऱ्या आरा मशीनचा आवाज असे. ओंडका आत जाताना जड, घोगरा, बाहेर पडताना एकदम चिरका. बाबा म्हणायचे की बोटीवरून आलं की हा आवाज पहिले दोन दिवस गोड लागतो. मला तो कधीच गोड लागला नाही, पण आज त्या भागात गेले आणि एखादी मशीन चालू असली तर पाय थांबतात, हे खरं.

बाबा गेल्या चैत्रात वारले. त्यांच्या हयातीत मला हे लिहिता आलं नसतं, कारण यातलं निम्मं त्यांचं आहे.

घरात फोन घेतला तो फक्त बाबांसाठी. बोट दर वेळी सात-आठ दिवसांसाठी बाहेर पडे. निघायच्या आधी चार-पाचच्या सुमारास ते बंदरावरच्या फोनच्या टपरीतून फोन करत. सुरुवातीला नुसतं "निघतो" एवढं सांगायला. मी तेव्हा अकरावीत होते. एकदा सहज म्हटलं, "बाबा, टीव्हीवर सांगितलं, समुद्र खवळलेला राहील." ते लगेच म्हणाले, "अजून काय म्हणे? बरोबर आठवून सांग." त्या दिवशी त्यांचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य, निघायच्या बेतात होता. बाबांनी त्याला थोपवलं की त्याने स्वतःहून बेत बदलला, मला माहीत नाही; पण ते दोन दिवस थांबले आणि बाजूच्या दोन बोटी जाळी फाडून परत आल्या. पुढच्या वेळी बाबांनी फोन केला तेव्हा मागून कुणाचा तरी मोठा आवाज आला, "नागपूरवाली काय बोलतेय, विचार!"

तो आवाज काशीराम तांडेलांचा. त्यांनी आयुष्यभर दर्या पाहिलेला, त्यांना पाण्याचा रंग पाहून वारा कळे. बाबांना यातलं काहीच कळत नसे आणि त्याची त्यांना भीती वाटे. पावसाळ्यात घरी आले की सांगायचे, "जमिनीवरचं आभाळ मले समजते. ढग कुठून आला, किती वेळ राहीन, सांगतो मी. पण तिथी ना, सगळ्याच बाजूनं सारखं दिसते. मले काहीच उमजत नाही वं मंजू." म्हणून ते माझ्यावर विसंबत. आणि मी, जिने तलावापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, ती बारावीच्या अभ्यासाच्या वह्यांमागे वाऱ्याचे वेग लिहू लागले.

मला ते आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. सकाळी रेडिओवरचा मच्छिमारांसाठीचा इशारा, संध्याकाळी टीव्ही, दुसऱ्या दिवशीचा पेपर. त्यात भर म्हणून सेंट्रल अव्हेन्यूकडे जाताना एक सायबर कॅफे लागे, तिथे मी आठवड्यातून दोनदा जाऊन बसे. उपग्रहाचं चित्र वरून खाली पट्टी-पट्टीने उघडायचं. आधी हिमालय, मग दिल्ली, मग आपण, आणि समुद्र येईपर्यंत कधी कधी लाइनच जायची. बातमीपत्राची भाषा मला पाठ झाली. 'शक्यता' आणि 'दाट शक्यता' यात किती अंतर आहे, 'काही ठिकाणी' म्हणजे किती आणि 'तुरळक ठिकाणी' म्हणजे किती, ताशी चाळीस किलोमीटरला तांडेल हसतो पण पंचावन्नला हसत नाही, हे सगळं मी बाबांना विचारून विचारून बसवलं होतं. बाबांचा फोन आला की मी वही उघडून अख्खं बातमीपत्र वाचून दाखवायची, एक शब्द न गाळता, आणि शेवटी माझं मत सांगायची. आई पदराला हात पुसत बाजूला उभी असायची. फोन ठेवला की ती एवढंच विचारायची, "मंग? जाते का?"

बोटीवरच्या बाकीच्यांत बाबांचा जीव जडला तो गणपतकाकांवर. बोटीवर जो स्वयंपाक करतो त्याला तिकडे भंडारी म्हणतात. गणपतकाका आमच्या बाबांच्या बोटीचे भंडारी. बाबांना पहिल्या वर्षी रोज मासे-भात जात नसे. गणपतकाकांनी त्यांना विचारून विचारून झुणका शिकून घेतला. एकदा त्यांनी फोनवर माझ्या आईलाच विचारलं, "वहिनी, पीठ आधी की पाणी आधी? हा तुमचा माणूस दर वेळी वेगळं सांगतो." आई फोनवर हसली. परक्या पुरुषाशी फोनवर बोलताना तिला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी गणपतकाकांना कधी भेटले नाही. त्यांचा आवाज मात्र मला अजून येतो, जरा बसका, शब्द सावकाश टाकणारा.

ते वर्ष माझं कॉलेजचं पहिलं. दिवाळी सहा-सात दिवसांवर आली होती आणि बाबा दोन वर्षं दिवाळीला घरी नव्हते. या वेळी ठरलं होतं की ही एक छोटी, तीन दिवसांची फेरी झाली की ते थेट गाडीत बसतील. आईने त्यांच्यासाठी अनारशाचं पीठ घालून ठेवलं होतं. त्या दिवशी दुपारी मी कॅफेत गेले. चित्रात लक्षद्वीपच्या बाजूला एक पांढरा गठ्ठा होता, फार मोठा नाही. बातमीपत्रात त्याच्याबद्दल दोन वाक्यं होती. पहिलं असं की कमी दाबाचं क्षेत्र वायव्येला, ओमानच्या दिशेने सरकत आहे. आणि दुसरं असं की दीड दिवसानंतर ते ईशान्येकडे, म्हणजे आपल्या किनाऱ्याकडे वळण्याची शक्यता आहे, मच्छिमारांनी पुढच्या सूचनांकडे लक्ष ठेवावं. मी दोन्ही वाक्यं वहीत उतरवली. 'शक्यता' होतं, 'दाट शक्यता' नव्हतं. चालत घरी येताना मी हाच विचार करत होते की दाट नाही, नुसती आहे.

साडेचारला फोन वाजला.

"मंजू, काय म्हणते वं?"

"बाबा, लक्षद्वीपकडे एक आहे. पण ते ओमानकडे चाललं."

"अजून काही?"

वही माझ्या मांडीवर उघडी होती. दोन्ही ओळी समोर होत्या. मला एवढंच दिसत होतं की मी दुसरी ओळ वाचली की ते थांबतील, दोन दिवस नाहीतर तीन, आणि मग फेरी लांबेल, आणि आई ते पीठ आमच्या दोघींपुरतंच तळेल.

"नाही. इतकंच आहे."

मागे कुणीतरी बर्फ फोडत असावं, तसा आवाज येत होता. "बरं," ते म्हणाले. "तं निघतो मग. आईले सांगजो, धनतेरसपर्यंत पोचतो." फोन ठेवल्यावर आईने विचारलं, "मंग? जाते का?" मी म्हटलं, "हाव, जाते."

पुढच्या दिवशी सकाळी काहीच नव्हतं. संध्याकाळच्या टीव्हीवर तो गठ्ठा वाढला होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओने सांगितलं की वादळ ईशान्येकडे वळलं आहे, खोल समुद्रातल्या मच्छिमारांनी ताबडतोब परत फिरावं. मी दात घासत होते. तोंडातला फेस तसाच ठेवून मी रेडिओसमोर उभी राहिले. आईने विचारलं, "काहून वं, काय झालं?" मी सांगितलं. पण तिला काय सांगितलं, तर वादळ वळलं एवढंच. वळणार आहे हे मला परवाच माहीत होतं, ते नाही सांगितलं.

आज हातातल्या फोनवर बोट फिरवलं की वारा रंगीत दोऱ्यांसारखा वाहताना दिसतो. माझ्या कामाच्या ठिकाणची पोरं लग्नाच्या तारखेआधी तो उघडून बघतात. मी बघत नाही. पण वाट पाहण्याच्या त्या दिवसांत असं काही असतं तर मी त्याच्यासमोरून उठले नसते, आणि त्याने तरी काय झालं असतं? मला आधी दिसलं असतं, एवढंच. सांगणार कुणाला होते? बोटीवर वायरलेस होता, पण चाळीस वावांच्या पलीकडे, म्हणजे जिथे पाणी तेवढं खोल होतं तिथे, बंदराचा आवाज पोचत नसे. मी मालकाच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला. "वायरलेसवर सकाळपासून हाका मारतायत," ती म्हणाली. "बाकीच्या बोटी फिरल्या. तुमचीच तेवढी लागत नाही. पोरी, तू सारखी फोन करू नको, लाइन मोकळी ठेवायला हवी." मी ठेवला आणि अर्ध्या तासाने पुन्हा केला.

नागपुरात आभाळ निळंशार होतं. असं स्वच्छ ऊन त्या ऑक्टोबरात पडलं होतं की घरमालकीणबाईंनी गच्चीवर गाद्या टाकल्या होत्या. झाडाचं पान हलत नव्हतं. गल्लीत आकाशकंदील लागत होते, पोरं दुपारीच टिकल्या फोडत होती, आणि आरा मशीन चालूच. मी गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे तोंड करून उभी राहायची. काय दिसणार होतं? खाली बाया एकमेकींना विचारत होत्या, चिवडा झाला का, चकल्या झाल्या का. आईने गॅस पेटवलाच नाही. शेजारच्या काकूंनी वरण-भात आणून दिला, तो झाकलेला तसाच राहिला. आई देवासमोर बसली नाही, रडली नाही. फोनच्या खाली, जमिनीवर भिंतीला टेकून बसली ती तिथेच. मी कॅफेत जायची, पट्टी-पट्टीने उघडणारं चित्र बघायची, परत यायची. ती मान वर करून माझ्याकडे बघायची. मी मान हलवायची. असं किती वेळा झालं, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सायकल काढून हवामानाच्या ऑफिसात गेले. कुणाला भेटायचं ते माहीत नव्हतं. एका टेबलाशी जाड चष्म्याचे एक साहेब होते, त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, म्हणजे बाबा बोटीवर आहेत इथपर्यंत. ते म्हणाले, "बेटा, समुद्राचं काम इथून होत नाही. आम्ही इथं शेतकऱ्यांचं अन् विमानाचं पाहतो. पण थांब." त्यांनी कुठूनसा कागद काढला, त्यावर गोल गोल रेषा होत्या. पेन्सिलीने त्यांनी वादळ कुठे आहे ते दाखवलं, उद्या दुपारपर्यंत कुठे असेल ते दाखवलं. "त्यानंतर जोर कमी होईन. बोटीवाल्यांना अंदाज असते. बातमीपत्रात तर तीन दिवसांपासूनच होतं, वळू शकते म्हणून."

मी विचारलं, "सर, एखाद्याले पहिलंच वाक्य माहीत असंल तं?"

त्यांना प्रश्नाचा रोख कळला नाही. ते सहज म्हणाले, "फक्त पहिलं वाक्य ऐकून कोणी समुद्रात जात नाही, बेटा."

मी सायकल घेऊन निघाले. रस्त्यात एका झाडाखाली थांबून ती वही काढली आणि ते पान फाडलं. फाडून काय केलं, तर घडी करून परत वहीतच ठेवलं. टाकवलं नाही.

फोन आला तो लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, सकाळी दहाच्या आसपास. आईने उचलला. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण आईने डोळे मिटले आणि तिचे खांदे खाली आले, त्यावरून कळलं. तिने फोन माझ्याकडे दिला. बाबांचा आवाज कुणीतरी घासून काढल्यासारखा झाला होता.

"मी आहो," ते म्हणाले. "बोट खाडीत आहे. बोट बरी आहे."

"बाबा, कधी येता?"

"गणपत नाही, मंजू."

मला वाटलं, गणपतकाका फोनपाशी नाहीत असं म्हणतात. मी म्हटलं, "कुठी गेले?" तेवढ्यात लाइन कटली.

दिवाळी उलटून गेल्यावर ते आले. गणपतकाकांचं प्रेत सापडलं नव्हतं. त्यांच्या गावी जे करायचं ते करून, मग आले. हाताच्या तळव्यांची साल निघाली होती. आईने त्यांच्या अंगावर गरम पाणी घातलं, जेवायला वाढलं. तिने नकळत झुणका केला होता. बाबांनी ताट बाजूला सरकवलं आणि नुसता भात मागितला. तो पदार्थ त्यानंतर आमच्या घरात कधी झाला नाही. ते परत बोटीवर गेले नाहीत. त्यांनी कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. गॅरेजमध्ये पुन्हा लागले. मला त्यांनी कधीही, एकदाही, त्या फोनबद्दल विचारलं नाही. मी रोज वाट बघायची की आज विचारतील, "तुले माहीत नव्हतं का वं?" मी उत्तर तयार ठेवलं होतं. आधी खरं उत्तर, मग काही वर्षांनी खोटं, मग पुन्हा खरं. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. समोर बसून शांतपणे पेपर वाचणाऱ्या माणसापाशी आपण होऊन असली गोष्ट कशी काढायची?

माझं लग्न झालं. धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी काउंटरवर लागले, अजून तिथेच आहे. एका उन्हाळ्यात बाबांचा फोन आला. काशीराम तांडेल नागपुरात आलेत, त्यांची मुलगी इथे दिली आहे, आणि त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं आहे. "तुह्याच दवाखान्यात घेऊन जाय त्याले," बाबा म्हणाले. मी विचारलं, तुम्ही येता का? "नाही. मले नाही जमत. तू पाह्य."

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं. उंच, काळेभोर, पांढऱ्या मिशा. ऑपरेशननंतर एका डोळ्यावर पट्टी लावून त्यांना हॉलमध्ये बसवलं होतं. मी चहा घेऊन गेले तर त्यांनी माझा हात धरला. "तू नागपूरवाली," ते म्हणाले आणि हसले. मग बोलता बोलता त्या फेरीवर आले, मला सगळं ठाऊक आहे असं धरून.

"तिसऱ्या दिवशी सकाळीच पाणी फुगलेलं होतं. दक्षिणेकडून लाटा येत होत्या, लांब लांब, आणि वारा बिलकुल नाय. मी म्हटलं, फिरवू या, हे बरोबर नाय. तुझा बाप म्हणाला, नाय तांडेल, पोरीनं सांगितलंय, ओमानला चाललंय. ती चुकत नाय. मी म्हटलं, असंल. जाळी टाकली. संध्याकाळी ट्रान्झिस्टरवर खरखर करत इशारा आला तेव्हा किनारा बारा तास लांब."

मी तशीच उभी होते. हातातला चहा मी त्यांना द्यायचा विसरले होते.

"इंजिनाच्या खोलीत पाणी शिरत होतं. तुझा बाप खाली, कमरेएवढ्या पाण्यात. इंजिन बंद पडलं असतं तर सगळेच गेलो असतो. वरचं झाकण राहत नव्हतं. गणपत त्याच्यावर पालथा पडून ते धरून बसला. दोन लाटा गेल्या, तिसरीला झाकण होतं, गणपत नव्हता. खालून तुझा बाप त्याला हाका मारत होता, अजून दाब, अजून दाब." त्यांनी उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "तू रडू नको. तुला जे दिसलं ते तू सांगितलंस."

मी त्यांना गाडीत बसवलं आणि तशीच आई-बाबांकडे गेले. बाबा ओट्यावर बसून शेजाऱ्यांचा मिक्सर दुरुस्त करत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बाबा, दोन वाक्यं होती. मी एकच सांगितलं. तुम्ही दिवाळीला यावं म्हणून. मला वाटलं होतं ते माझ्याकडे बघतील. ते मिक्सरकडेच बघत राहिले.

"जेटीवर कागद लावून होता," ते म्हणाले. "दोन्ही वाक्यं होती त्याच्यावर. मी वाचूनच फोन केला तुले. तांडेलले वाचता येत नव्हतं."

"मग मले काहून विचारलं?"

"मलेही घरी यायचं होतं, पोरी. तांडेल म्हणे, तू सांग, तुह्या पोरीचं काय म्हणणं आहे. मले हो म्हणायची हिंमत नव्हती, अन् नाही म्हणायचं मन नव्हतं." त्यांचा हात पान्यावर नुसता ठेवलेला होता. "वाटलं, तू नाही म्हणशील. तू तं नेहमी पूर्ण वाचून दाखवे. मी विचारलंही, अजून काही? तू म्हटलं, इतकंच. मंग मीही तेच धरलं."

म्हणजे आम्ही दोघेही, मी आणि माझा बाप, त्या एका फोनच्या दोन टोकांना तेच वाक्य हातात घेऊन बसलो होतो, आणि दोघांनीही ते दुसऱ्याने म्हणावं म्हणून वाट पाहिली होती. आणि नंतर तेरा वर्षं समोरासमोर बसून जेवत आलो.

त्याच महिन्यात आम्ही दोघं गणपतकाकांच्या बायकोला हे सांगायला निघालो. आईला बाबांनी सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "तुम्हीच दोघं जा. माह्याच्यानं तिच्याकडे पाहवणार नाही." रेल्वेने, मग एस.टी.ने. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एस.टी.च्या खिडकीतून, एका वळणावर, आणि बाबांनी तिकडे मान वळवली नाही. गणपतकाकांचं घर वाडीच्या टोकाला होतं. त्यांची बायको अंगणात जवळा वाळत घालत होती, ती बारीक कोलंबी असते तो. तिने बाबांना ओळखलं. उठली नाही. बाबा उन्हात उभे राहून बोलले. मध्ये मध्ये अडखळले, पण काही गाळलं नाही. मग मी माझं सांगितलं. बोलताना आपण कुणासमोर परीक्षा द्यायला उभे आहोत असा आवाज लागला होता.

ती ऐकत होती. हाताने जवळा पसरत होती, थर जास्त झाला तिथला उचलून मोकळ्या जागी टाकत होती. आमचं संपल्यावर तिचा हात थांबला.

"मला सगळे सांगत आले, दर्यानं नेला म्हणून," ती म्हणाली. "मी दर्याला शिव्या घालत बसले एवढी वर्षं."

बाबा म्हणाले, "वहिनी..."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जरा जास्त वेळ. आम्हाला बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पुन्हा खाली वाकली आणि जवळा पसरू लागली. आम्ही तिथेच उभे होतो. ऊन डोक्यावर आलं, अंगणभर वास दाटला, आणि तरीही आम्हा दोघांपैकी कुणालाही पाय उचलता आला नाही.